मुद्राचित्रांच्या जत्रेत चित्राखालची ओळ खरी असावी

मा. संपादक महोदय यांस,
स. न. वि. वि.

मुद्राचित्रांना, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून, ठोकळ्यावरून किंवा दगडावरून कागदावर छापून काढलेल्या चित्रांना, वाहिलेल्या सामुदायिक कलाजत्रेची आपल्या दैनिकात आलेली सविस्तर बातमी वाचली. ज्या कलाशाखेच्या वाट्याला प्रदर्शनांच्या बातम्यांत एरवी शेवटची ओळही येत नाही, तिला आपण छायाचित्रासह जागा दिलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार. त्या बातमीत मात्र 'चित्रांच्या छापील प्रती सर्वांना परवडतील अशा दरात' असे एक वाक्य होते आणि त्यातल्या 'प्रती' या शब्दापाशी मी अडखळलो. यात आपल्या वार्ताहराला बोल लावण्याचा हेतू नाही. जत्रेत फिरणाऱ्या कोणाचाही तसा समज व्हावा, अशीच तिथली मांडणी होती आणि त्या मांडणीत माझाही वाटा होता. कारण मी स्वतः बरीच वर्षे एचिंग (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरची छपाई) आणि लिनोकट (मऊ लिनोलियम कोरून केलेली छपाई) करतो आणि जत्रेतले एक टेबल माझे होते. तेव्हा पुढचे लिहिणे हा घरचाच आहेर समजावा.

मराठीत 'प्रत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. लेखाची प्रत म्हणजे त्याची नक्कल, आणि उत्तम प्रतीचे कापड म्हणजे उत्तम दर्जाचे कापड. मुद्राचित्राला पहिला अर्थ लागू पडत नाही आणि लोक नेमका तोच लावतात. नक्कल व्हायची तर आधी अस्सल कुठेतरी असावे लागते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५१४ साली तांब्याच्या पत्र्यावर 'मेलन्कोलिया' कोरले, तेव्हा त्याचे 'खरे' चित्र कुठल्याही भिंतीवर टांगलेले नव्हते. पत्र्यावर होत्या त्या डाव्या-उजव्याची अदलाबदल झालेल्या बारीक चरा, ज्या उजेडात तिरप्या धरल्याशिवाय धड दिसतही नाहीत. चित्र जन्माला आले ते ओलसर कागदावर, दाबाखाली, आणि जितक्या कागदांवर आले तितक्या वेळा ते मूळच होते.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. एचिंगमध्ये जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर चढवून त्यावर सुईने रेघा ओढतात आणि मग पत्रा आम्लात बुडवतात. जिथे सुईने थर खरवडला असेल तिथेच आम्ल धातू खाते. थोडा वेळ खाल्ले तर रेघ फिकी येते, बराच वेळ खाल्ले तर काळीभोर. छटा हव्या असतील तर राळेची बारीक पूड पत्र्यावर बसवून ती तापवून चिकटवतात, म्हणजे आम्ल प्रत्येक कणाच्या भोवती खात जाते आणि पाण्याच्या रंगासारखा करडा पट्टा मिळतो. त्याला अॅक्वाटिंट म्हणतात. एवढे झाले तरी चित्र झालेले नसते. चरांत शाई दाबून भरायची, कडक जाळीदार कापडाच्या बोळ्याने वरची पुसून काढायची आणि शेवटी तळहाताच्या कडेने पत्र्यावरून हलकेच हात फिरवायचा. या शेवटच्या हातात चित्राचे निम्मे नशीब असते. शाईचा पातळ पापुद्रा मागे राहू दिला तर त्याच पत्र्यातून संध्याकाळ निघते, स्वच्छ पुसला तर भर दुपार. मग ओलसर कागद, त्यावर लोकरीच्या घड्या आणि प्रेसचे चाक. घड्या मागे सारून कागद एका कोपऱ्याने उचलताना शाई सुटण्याचा जो बारीक चरचर आवाज येतो, तो ऐकण्यासाठी आमच्यातले बरेच जण या धंद्यात टिकून आहेत, असे म्हटले तरी चालेल.

रेम्ब्रांटने याच शेवटच्या हाताशी आयुष्यभर खेळ केला. १६५३ साली त्याने 'तीन क्रूस' हे चित्र ड्रायपॉइंटने, म्हणजे आम्ल न वापरता टोकदार सुईने थेट तांब्यावर ओरखडून केले आणि पुढे तोच पत्रा इतका बदलला की चौथ्या अवस्थेतल्या ठशांत, म्हणजे त्या पत्र्यावरून छापलेल्या कागदांत, आधीची कितीतरी माणसे अंधारात बुडून गेली आणि नवी उगवली. पत्रा एक, चित्रे दोन, आणि दोन्ही अस्सल. आता यातल्या कुठल्या कागदाला कुठल्या कागदाची 'प्रत' म्हणावे?

जत्रेत जे घडले ते या पार्श्वभूमीवर सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई नुकतेच विकत घेतलेले चित्र मोठ्या आनंदाने मला दाखवायला माझ्या टेबलाशी आल्या. एका जुन्या जिन्याचे एचिंग होते, वरच्या पायऱ्यांवर उजेड आणि खालच्या काळोखात हरवलेल्या. खाली शिसपेन्सिलीने '१२/१००' आणि स्वाक्षरी. चित्र सुरेख होते. सवयीने मी कडेवरून अंगठा फिरवला. प्रेसमधून निघालेल्या एचिंगच्या कागदावर पत्र्याच्या कडेची खाच उमटते, कागद तिथे पायरीसारखा आत उतरतो. इथे ती पायरी डोळ्यांना दिसत होती, पण अंगठ्याला लागत नव्हती. खिशातले भिंग काढून पाहिले, तर ती खाच म्हणजे खाचेची छापलेली सावली होती आणि काळ्या वाटणाऱ्या रेघेत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके विखुरलेले होते. कोणीतरी अस्सल एचिंग स्कॅन करून इंकजेट यंत्रावर छापले होते आणि पत्र्याच्या कडेची सावलीही त्यात इमानेइतबारे उतरली होती. मी बाईंना ते सांगून टाकले. सांगायला नको होते, असे नंतर दिवसभर वाटत राहिले.

त्यांच्याबरोबर मी त्या टेबलाशी गेलो. विकणाऱ्या तरुणाने काहीही लपवले नाही. एचिंग त्याचेच होते, पत्र्यावरून दहाच ठसे काढले होते, ते संपले, म्हणून एका ठशाचे स्कॅन करून शंभर छापून घेतले. 'पण ही प्रिंटच आहे ना?' असे त्याने मला विचारले आणि खरे सांगायचे तर व्यवहारातल्या भाषेत त्याला खोटे पाडता येईना. बाईंनी चित्र परत केले नाही, पण ते गुंडाळून पिशवीत ठेवताना आधीचा आनंदही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

इथे शब्दांचा घोळ नव्याने झालेला नाही. इंकजेटवर छापलेल्या चित्रांना 'जिक्ले' म्हणण्याची पद्धत १९९१ साली जॅक डुगान या अमेरिकन मुद्रकाने पाडली. फ्रेंचमध्ये त्या शब्दाच्या मुळाशी फवारण्याची क्रिया आहे. 'इंकजेट' म्हटले की कचेरीतले यंत्र डोळ्यांपुढे येते आणि ते कलादालनात शोभत नाही, म्हणून शोधलेले हे नाव. मला इंकजेटचे वावडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. संगणकावरच रेखाटलेले, दुसरीकडे कुठेही अस्तित्वात नसलेले आणि कागदावर फक्त याच मार्गाने येऊ शकणारे चित्र हे ड्यूररच्या ठशाइतकेच मूळ आहे, असे माझे मत आहे. आमच्या पिढीतल्या अनेकांना ते रुचत नाही, पण त्याला इलाज नाही. माझी तक्रार आहे ती एका गोष्टीने दुसरीचे कपडे घालण्याविषयी. स्कॅन करून छापलेले एचिंग हे एचिंगचे चांगले चित्र असते, एचिंग नसते, आणि ते टेबलावर दोन्हींत फरक न करता मांडले की घेणाऱ्याला फरक कळण्याचा मार्गच उरत नाही.

चित्राच्या खालच्या समासातली ओळ ही या कलेत पहिल्यापासून भांडणाची जागा राहिलेली आहे. अठराव्या शतकात इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थची कोरीव चित्रे बाजारात येताच त्यांच्या चोरट्या नकला विकायला लागत. त्याने आणि त्याच्या सहकारी कोरक्यांनी ब्रिटिश पार्लमेंटकडे दाद मागितली आणि १७३५ साली कोरीव चित्रांना १४ वर्षांचे संरक्षण देणारा कायदा झाला. कायदा अमलात येईपर्यंत होगार्थने आपल्या नव्या चित्रमालिकेची विक्री रोखून धरली होती. त्यानंतरच्या ठशांवर चित्राखाली प्रकाशनाची तारीख आणि 'पार्लमेंटच्या कायद्यानुसार प्रकाशित' अशी ओळ कोरलेली आढळते. पेन्सिलीने स्वाक्षरी करण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिस्लरसारख्या चित्रकारांनी रूढ केली आणि अपूर्णांकासारखा दिसणारा क्रमांक तर त्याहून उशिरा रुळला. म्हणजे आज ज्याला आपण अस्सलपणाची खूण समजतो, ती या कलेच्या वयाच्या मानाने कालपरवाची आहे.

त्या क्रमांकाविषयी जाता जाता एक सांगतो, कारण जत्रेत दर तासाला कोणीतरी 'एक नंबरची आहे का?' असे विचारत होते. '३/२५' याचा अर्थ पंचवीस ठशांच्या आवृत्तीतला एक, एवढाच. ठसे वाळत घातले जातात, गोळा होतात आणि मग क्रमांक घातले जातात. तिसरा क्रमांक असलेला ठसा तिसराच निघाला होता, याची खात्री खुद्द चित्रकारही बहुधा देऊ शकत नाही. याला अपवाद ड्रायपॉइंटचा. त्यात सुईच्या ओरखड्याच्या काठाला धातूची जी बारीक कड उभी राहते तीच शाई धरते आणि मखमली रेघ देते, पण प्रेसच्या दाबाखाली ती लवकर चेपते. त्यामुळे तिथे सुरुवातीचे ठसे खरोखरच वेगळे असतात. बाकी ठिकाणी 'एक नंबर'चा हट्ट निव्वळ हौस.

व्हिएन्नात १९६० साली भरलेल्या दृश्यकलांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मूळ मुद्राचित्र कशाला म्हणावे याचे काही नियम घालून दिले होते. आवृत्ती किती ठशांची हे ठरवण्याचा अधिकार चित्रकाराचा, प्रत्येक ठशावर स्वाक्षरी, एकूण संख्या आणि क्रमांक, आवृत्ती पूर्ण झाल्यावर पत्रा किंवा ठोकळा रद्द करणे (त्यावर रेघ कोरून तो पुन्हा छापण्याजोगा न ठेवणे), आणि पुनर्मुद्रणांना मूळ न म्हणणे, असा त्यांचा आशय. नियम चांगले आहेत, पण ते जसेच्या तसे जत्रेच्या दारावर टांगा, असे मी म्हणणार नाही, कारण या कलेचा इतिहासच त्यांत मावत नाही. जपानी चित्रकार होकुसाईची जगप्रसिद्ध लाट घ्या. रेखाटन त्याचे, पण लाकडी ठोकळे कोरणारे वेगळे, हाताने घासून छपाई करणारे वेगळे, आणि या सगळ्यांना एकत्र आणून पैसा घालणारा प्रकाशक आणखी वेगळा. ठसे हजारोंनी निघाले आणि त्यांवर पेन्सिलीचा क्रमांक नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धाच्या भीषणतेवरील ८० चित्रांची मालिका तर आवृत्ती म्हणून प्रथम छापली गेली १८६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी. त्या ठशांना त्याचा हात लागलेला नाही, पत्र्यांना लागलेला आहे. ते अस्सल की नाही, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. पण 'गोयाचे पत्रे, छपाई १८६३' एवढे लिहिले की वादच उरत नाही.

आणि नुसत्या स्वाक्षरीवर विसंबणाऱ्यांनी साल्वादोर दालीची गोष्ट आठवावी. १९७४ साली फ्रान्सच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवलेल्या एका वाहनात सुमारे ४०,००० कागद सापडले, सगळ्यांवर दालीची सही आणि सगळे कोरे. चित्र नंतर कोणीही, कशाचेही छापावे.

म्हणून माझे आयोजकांना मागणे आहे ते एवढेच, की पुढच्या जत्रेपासून प्रत्येक कागदासोबत एक खरी ओळ असावी. तंत्र कोणते, पत्रा किंवा ठोकळा कोणी केला, छपाई कोणी आणि कोणत्या वर्षी केली, चाचणीचे ठसे धरून एकूण किती निघाले, आणि पुनर्मुद्रण असेल तर स्पष्ट शब्दांत 'अमुक एचिंगचे इंकजेट पुनर्मुद्रण'. अमेरिकेत जून वेन यांनी १९६० साली सुरू केलेल्या टॅमरिंड शिळामुद्रण (दगडावरून छपाई) कार्यशाळेने प्रत्येक आवृत्तीची अशी नोंद ठेवण्याचा पायंडा पाडला आणि छपाई करणाऱ्याची उमट शिक्क्याची खूणही कागदावर आणली. इतकी कडक शिस्त आपल्याला झेपणार नाही, पण हाताने लिहिलेले पुठ्ठ्याचे एक कार्ड नक्कीच झेपेल. छपाई करणाऱ्याचे नाव त्यात असलेच पाहिजे, असा माझा विशेष आग्रह आहे. भारतीय मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी पॅरिसच्या 'अतेलिए १७' या कार्यशाळेत एकाच पत्र्यावर, कमी-अधिक चिकटपणाच्या शाया मऊ आणि कडक रोलरने चढवून, एका दाबात अनेक रंग काढत असत. स्टॅनली हेटर यांनी १९२७ साली स्थापन केलेल्या या कार्यशाळेतच त्यांनी सहकाऱ्यांसोबत हे तंत्र विकसित केले. अळशीच्या तेलाचे प्रमाण थोडे हलले की रंग एकमेकांना झिडकारण्याऐवजी मिसळतात, इतके ते नाजूक आहे. असे चित्र दुसऱ्याने छापले असेल, तर त्याचा उल्लेख गाळणे म्हणजे गायकाच्या मैफलीत तबलजीला पडद्याआड बसवणे.

आयोजकांपैकी काहींशी मी याविषयी बोललो. त्यांचे म्हणणे असे, की ही व्यापाऱ्यांची पेढी नव्हे, लोकांची जत्रा आहे, आणि नियमांचा बडगा उगारला तर नवी मुले येणार नाहीत. शिवाय मर्यादित आवृत्ती ही मुळात कृत्रिम टंचाई. जी कला अनेकांपर्यंत पोहोचावी म्हणून निर्माण झाली तिला पुन्हा मोजक्यांची का करायची? या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. मेक्सिकोत १९३७ साली स्थापन झालेल्या लोकमुद्रण कार्यशाळेतल्या चित्रकारांनी लिनोकटची भित्तिपत्रके आणि पत्रके स्वस्त कागदावर भरमसाट छापली, आणि त्यांना कोणी नकला म्हणत नाही, कारण ती कोरलेल्या लिनोवरूनच थेट निघाली. जर्मन चित्रकर्ती केटे कोलवित्झने मुद्राचित्राची वाट धरली त्यामागेही ती अनेकांच्या हाती जावीत ही इच्छा होती. तेव्हा ज्याला हवे त्याने खुशाल हजार ठसे काढावेत आणि ओळीत 'अमर्याद आवृत्ती' असे लिहावे. मी संख्येला बंधन मागत नाही. कृत्रिम टंचाई झालीच असेल, तर ती त्या जिन्याच्या चित्राखाली लिहिलेल्या '१००' या आकड्यात होती; यंत्र तर आणखी लाखभर छापू शकत होते.

पहिला मुद्दा, नियमांनी नवी मुले बुजतील हा, मला पटत नाही, आणि त्याचे कारण जत्रेतल्याच एका कोपऱ्यात पाहायला मिळाले. तिथे मुलांसाठी लिनोकटचे टेबल होते. आम्लाची भानगड नाही, बोथट न झालेली हत्यारे, दुसरा हात पात्याच्या मागे ठेवण्याची सक्त ताकीद आणि एक छोटा प्रेस, एवढ्यावर ते दिवसभर तुडुंब चालले. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने अर्धा तास जीभ बाहेर काढून 'गगन' हे आपले नाव कोरले, शाई लावली, चाक फिरवले आणि कागद उचलला. शिरोरेघ जागच्या जागी, पण दोन्ही 'ग'चे काने डावीकडे उभे आणि 'न' सर्वांच्या आधी येऊन उलटा बसलेला. तो रडवेला झाला. शिकवणाऱ्या मुलीने त्याला आरसा आणून दिला. आरशात नाव सुलटे दिसले, तशी त्याने काहीही न बोलता दुसरा लिनो मागितला, आरशातले अक्षर पाहून उलटे गिरवले आणि कोरायला बसला. दुसऱ्या ठशाखाली त्याने स्वतःहून पेन्सिलीने १/१ लिहिले आणि पहिल्याखाली लिहिले 'चुकलेला'. आयोजक ज्याला बडगा म्हणतात तो हाच. एकदा चाक फिरवून कागद उचललेल्या माणसाला मूळ आणि पुनर्मुद्रण यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, आणि खरी ओळ लिहिण्यात त्याला भीतीही वाटत नाही.

त्यामुळे माझी दुसरी सूचना अशी, की चालता प्रेस जत्रेच्या कोपऱ्यातून मधोमध आणावा आणि दर तासाला एचिंग, लाकडी ठोकळ्याची छपाई, शिळामुद्रण यांपैकी एखादे काम लोकांसमोर व्हावे. शिळामुद्रण अवश्य दाखवावे. १७९६च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरला सापडलेले ते तंत्र तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही एवढ्याच भरवशावर उभे आहे आणि सपाट दगडावरून चित्र उठताना पाहून मोठी माणसेही मुलांसारखी पुढे सरकतात. काही जत्रांत रोडरोलर आणून त्याखाली मोठमोठ्या लाकडी ठोकळ्यांवरून छपाई करण्याचा सोहळा करतात. गर्दी जमते हे खरे, आणि गंमत मलाही आवडते, पण दाब सारखा बसत नाही, कडा पुसट येतात आणि बघणाऱ्याच्या लक्षात राहतो तो रोलर. त्याच्या खर्चात दोन हातप्रेस येत असतील, तर माझे मत हातप्रेसना.

शेवटी थोडे स्वतःविषयी, कारण दुसऱ्याच्या टेबलाविषयी इतके लिहून स्वतःचे झाकून ठेवणे बरे नव्हे. माझ्याकडे एका नदीकाठाच्या एचिंगचा जस्ताचा पत्रा आहे. त्याची वीसची आवृत्ती मी जाहीर केली, वीसही ठसे विकले, आणि त्यानंतर स्नेह्यांना देण्यासाठी आणखी तीन काढले, ज्यांवर क्रमांक घातला नाही. पत्रा रद्द करायचे मात्र राहून गेले. दरवेळी बुरिन (धातू कोरण्याचे हत्यार) हातात घेतो आणि ठेवून देतो. ज्या वीसजणांनी विश्वासाने ते चित्र घेतले, त्यांच्या कागदावरची ओळ त्यामुळे आज खोटी आहे. पुढच्या जत्रेत आयोजकांनी मला टेबल दिले, तर तो पत्रा मी सोबत आणीन, लोकांसमोर त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ कोरीन आणि त्या रेघेसकट एक ठसा काढून टेबलावर लावीन. त्याखाली पेन्सिलीने 'रद्द पत्र्याचा ठसा. याआधी एकूण २३ काढले' असे लिहिलेले असेल.

आपला,
एक मुद्राचित्रकार वाचक